म्लादा बोलेस्लाव्ह : स्कोडाचं म्युझियम कसं बघावं

प्रागहून बसनं तासाभरात म्लादा बोलेस्लाव्ह येतं. आत गेल्यावर चकचकीत गाड्यांकडे धावू नका. मी धावलो, आणि सगळं परत उलटं फिरावं लागलं. आधी सायकल शोधा. तिच्यावर ‘स्लाविया’ हे नाव दिसेल.

तिच्यापुढे दोन मिनिटं थांबा, कारण सगळी गोष्ट तिथे आहे. क्लेमेंट पुस्तकविक्रेता. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्यानं चेक भाषेत तक्रार लिहिली, तर उत्तर आलं : आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा! गडी पेटला. लॉरिन नावाच्या मेकॅनिकला जोडीला घेऊन १८९५मध्ये त्यानं स्वतःच सायकलचा कारखाना काढला. ‘स्लाविया’ ही त्यांचीच सायकल. (आपल्याकडे असा राग सहसा चहाच्या टपरीवरच विरतो.)

मग १८९९पासूनच्या मोटरसायकली. सायकलच्या सांगाड्यातच इंजिन कसं बसवलंय, ते गुडघ्यावर बसून बघा. बाजूच्या माहितीच्या पाट्या नंतर वाचल्या तरी चालतील. त्यानंतर १९०५ची ‘व्हॉयट्युरेट ए’ ही त्यांची पहिली मोटार, दोन सिलिंडर, सात हॉर्सपॉवर. आजच्या साध्या स्कूटरएवढीच ताकद!

स्कोडा हे नाव १९२५चं. पिल्झेन शहरातल्या स्कोडा कंपनीत तेव्हा लॉरिन-क्लेमेंटचा कारखाना विलीन झाला. पुढचं भरभर उरका. माझ्यासारखे औरंगाबादचे असाल तर मात्र ऑक्टाव्हियापाशी थांबालच. २००१पासून आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात तीच जोडली जायची.