ओपनडब्ल्यूआरटी स्वतः बिल्ड करण्याआधी

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी) राउटरवर चालणारी, लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली. ती सोर्सपासून स्वतः बांधणं म्हणजे बिल्ड. सगळ्यात आधी राउटर उलटा करा आणि स्टिकर वाचा. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, हार्डवेअर व्हर्जन हवं. टीपी-लिंकचा आर्चर सी७ घ्या. व्ही१ आणि व्ही२ बाहेरून सारखेच, पण व्ही१मधली ५ गीगाहर्ट्झची चिप इतकी आधीची की ओपनडब्ल्यूआरटीच्या ड्रायव्हरला ती चालत नाही. व्ही२मध्ये तो रेडिओ नीट चालतो, शिवाय १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि १२८ एमबी रॅम मिळते. ओपनडब्ल्यूआरटीच्या २१.०२ आवृत्तीपासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते. तुमचं यंत्र त्याखालचं असेल तर त्यावर वेळ घालवू नका.

मग परतीची वाट बघून ठेवा. बिल्ड फसलं तर पुन्हा करता येतं, राउटर बंद पडला आणि वाट माहीत नसली तर सगळंच अडतं. म्हणून पहिल्या दिवशी स्वतःची इमेज (राउटरवर चढवायची फर्मवेअरची फाइल) चढवायची घाई नको. आधी प्रकल्पाची अधिकृत तयार इमेज टाका आणि ल्युसीमधल्या (ब्राउझरमधून सेटिंग्ज बदलायच्या पॅनेलमधल्या) बॅकअपच्या पानावरून ‘आर्ट’ आणि ‘यू-बूट’ (राउटर सुरू करणारा बूटलोडर) ही फ्लॅशवरची दोन पार्टिशन उतरवून घ्या. आर्टमध्ये त्या एकाच नगाच्या रेडिओचं कॅलिब्रेशन असतं. ते पुसलं गेलं तर दुसऱ्या सी७चं उसनं आणून तसं काम होत नाही. मॅक ॲड्रेस यू-बूटमध्ये आहे. दोन्ही फाइली लॅपटॉपवर आणि आणखी एका जागी ठेवा.

बंद पडलेल्या राउटरवर इमेज पुन्हा चढवायला टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल देणारा छोटा प्रोग्राम) लॅपटॉपवर आत्ताच लावून ठेवा. व्ही२साठी लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६ करायचा, केबल लॅन पोर्टला लावायची आणि रीसेट दाबून धरून राउटर चालू करायचा. बूटलोडर ठरावीक नावाचीच फाइल मागतो, त्यामुळे ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर तुमच्या उपकरणाच्या पानावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. लॅपटॉपची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद ठेवा, राउटरची मागणी बरेचदा तिथेच अडते. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल ॲडॅप्टरही (राउटरच्या आतल्या सीरियल पिना लॅपटॉपला जोडणारा) जवळ असावा. ग्राउंड, टीएक्स, आरएक्स एवढ्या तीनच तारा जोडा, व्हीसीसी (विजेची तार) जोडू नका. सीरियलचा वेग ११५२००.

कॉम्प्युटरवर लिनक्स हवं आणि २० जीबी मोकळी जागा ठेवावी. फाइलसिस्टिमला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळला पाहिजे, फोल्डरच्या पाथमध्ये स्पेस नको, आणि रूट म्हणून बिल्ड चालवू नका. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांनी सोर्स सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होममध्ये ठेवावा. पहिल्या वेळी टूलचेनसकट (कंपाइलर वगैरे साधनांसकट) सगळं कंपाइल होतं, जुन्या लॅपटॉपवर काही तास जातात.

खरंच सोर्सपासून बांधायचंय का, हेही ठरवा. फक्त पॅकेजं कमी-जास्त करायची असतील तर इमेज बिल्डर (तयार पॅकेजं जोडून इमेज बनवणारं साधन) पुरतो आणि काही मिनिटांत काम होतं. कर्नल (प्रणालीचा गाभा) किंवा ड्रायव्हरला हात लावायचा असेल तर मात्र सोर्स घ्या. तसं करताना लागणारी सगळी कर्नल मॉड्यूल्स इमेजमध्येच बांधा. कर्नलचं कॉन्फिग बदललं की अधिकृत भांडारातली मॉड्यूल्स तुमच्या कर्नलवर बसत नाहीत. हा घोळ बहुतेकांना इमेज चढवल्यावर कळतो.

मेन शाखेवर न जाता रिलीजचा टॅग चेकआउट करा, फीड्स (जादा पॅकेजांचे स्रोत) अपडेट आणि इन्स्टॉल करा, मग मेनूकॉन्फिग (काय बांधायचं ते निवडायचा मेनू) उघडा. सी७साठी टार्गेट (चिपचा प्रकार) एटीएच७९, सबटार्गेट जेनेरिक, मग तुमच्या मॉडेलचं प्रोफाइल. यंत्र फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून चालणार असेल तर पीपीपी, डीएनएसमास्क, ओडीएचसीपीडी, फायरवॉल या पॅकेजांची (इंटरनेट जोडणी, पत्ते वाटणं वगैरे कामांची) गरज नाही. ते काम मुख्य राउटर करतो. ल्युसी मात्र आठवणीने निवडा, स्वतःच्या बिल्डमध्ये ती आपोआप येत नाही.

नव्या इमेजमध्ये वायफाय बंद असतं आणि रूटला पासवर्ड नसतो. आपली सेटिंग्ज सोर्समधल्या ‘फाइल्स’ फोल्डरमध्ये आधीच घालून ठेवता येतात. भारतात वापरणार असाल तर कंट्री कोड आयएन द्या. वायफायचा पासवर्ड त्यात असेल तर ती इमेज कोणालाही पाठवू नका.

बिल्ड मध्येच थांबलं तर एकाच जॉबवर, व्ही=एस (सविस्तर संदेश दाखवणारा पर्याय) देऊन पुन्हा चालवा, म्हणजे खरी एरर दिसते. पूर्ण झालं की डिफकॉन्फिगच्या स्क्रिप्टने तुमचे बदल छोट्या फाइलमध्ये उतरवा आणि गिटमध्ये टाका. पुढचं सुरक्षा अपडेट आलं की याच फाइलवरून पुन्हा बांधायचं आहे. कंपनीने अपडेट देणं थांबवलेला राउटर त्यामुळेच सुरक्षितपणे वापरात राहतो, आणि माझ्या मते या सगळ्या खटपटीचं खरं मोल तिथे आहे.

चढवण्याआधी इमेजचा शा२५६ (फाइल बिघडलेली नाही हे दाखवणारा कोड) जुळवा. फॅक्टरी इमेज कंपनीच्या फर्मवेअरवरून येताना लागते. ओपनडब्ल्यूआरटी आधीच असेल तर सिसअपग्रेड नावाची इमेज घ्या. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर असू द्या, वायफायऐवजी केबलने जोडा, आणि पहिल्या खेपेला जुनी सेटिंग्ज ठेवण्याची खूण काढून टाका.