हायब्रिड गाडी घेताना कापलेला एक टक्का परत कसा मिळवाल?

हायब्रिड गाडी घेतली की सरकार करात सवलत देतं, असा समज बराच पसरला आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सवलती वाचलेल्या असतात आणि त्याच हायब्रिडलाही लागू असतील असं वाटतं. आयकरात हायब्रिडसाठी वेगळी सूट नाही. मात्र दहा लाखांहून महाग गाडी घेताना तुमच्याकडून आयकरापोटी एक टक्का आगाऊ घेतला जातो. ते पैसे तुमचेच आहेत आणि पूर्ण परत मिळतात, फक्त वेळेवर मागावे लागतात. पुष्कळ जण ते मागतच नाहीत, म्हणून हा लेख.

आधी गैरसमज दूर करू. कलम ८० ईईबीखाली वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळायची. ती फक्त इलेक्ट्रिक मोटारीवर चालणाऱ्या गाड्यांना होती आणि कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं असावं लागे. हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनही असल्याने ती त्या व्याख्येत कधीच बसली नाही. जीएसटीतही असाच फरक आहे. इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला ४० टक्के लागतो, त्याआधी उपकर धरून ४३ टक्के होता. पेट्रोल हायब्रिड चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के. पण इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, हायरायडर, सिटी हायब्रिड या सगळ्या चार मीटरच्या वरच्या आहेत. हा जीएसटी शोरूमच्या किमतीतच धरलेला असतो आणि खासगी ग्राहकाला त्यातला एक रुपयाही परत मिळत नाही.

परत मिळतो तो टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर. दहा लाखांहून जास्त किमतीची गाडी विकताना विक्रेता पूर्ण किमतीवर एक टक्का गोळा करून तुमच्या पॅनवर सरकारकडे भरतो. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण किमतीवर. आयकर कायदा १९६१ मध्ये यासाठी कलम २०६सी(१एफ) होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आल्याने कलमांचे आणि काही फॉर्मचे क्रमांक बदलले, पण दर आणि पद्धत तीच आहे. खाली ओळखीची जुनी नावंच वापरली आहेत.

१. बुकिंगच्या वेळी पॅन नीट ठरवा. ज्याच्या नावावर गाडी आणि बिल, त्याचाच पॅन द्या. गाडी आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर क्रेडिट तिच्याच पॅनवर जातं, पैसे किंवा हप्ते कोणीही भरोत. ती रिटर्न भरत नसेल तर रिफंडसाठी तिला रिटर्न भरावंच लागेल. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय धरला जातो आणि एकऐवजी पाच टक्के कापले जातात. वीस लाखांच्या गाडीवर वीस हजारांऐवजी एक लाख. म्हणून बुकिंगआधी आयकर पोर्टलवर पॅनची स्थिती तपासून घ्या.

२. कोटेशनमधल्या ओळी वेगळ्या करा. समजा शोरूमची किंमत २०,००,००० रुपये आहे. त्यात मूळ किंमत साधारण १४,२८,५७१ आणि ४० टक्के जीएसटी ५,७१,४२९. त्याखाली टीसीएस २०,०००, मग आरटीओचा कर, विमा, ॲक्सेसरीज. वीस हजारांची ही ओळ खर्चाची नाही, तुमच्या करखात्यातली जमा आहे. काही विक्रेते ‘ऑन रोड’ आकडा एकगठ्ठा लिहून देतात. तसं चालवून घेऊ नका. बिलावर टीसीएस वेगळा छापलेला हवा.

आरटीओचा कर परत मिळत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर सरसकट २० टक्के. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा (काही अंतर नुसत्या बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीचा) नोंदणी कर माफ केला, तेव्हा तिथून गाडी आणण्याचे सल्ले बरेच फिरले. पण गाडी बारा महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात ठेवली की इथली नोंदणी घ्यावी लागते आणि इथला करही भरावा लागतो.

३. पगारदार असाल तर रिफंडची वाट पाहू नका. ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्म १२बीएए भरून हा टीसीएस नोकरीच्या ठिकाणी कळवता येतो. विक्रेत्याचं नाव, टॅन (कर गोळा करणाऱ्याला मिळालेला क्रमांक) आणि रक्कम लिहायची, की पुढच्या पगारांतून तेवढा टीडीएस कमी कापला जातो. आर्थिक वर्ष संपण्याआधी, गाडी घेतल्यावर लगेचच द्या. मार्चचा पगार झाल्यावर दिलेल्या फॉर्मचा काही उपयोग नाही. व्यावसायिकांनी अग्रिम कराचा हप्ता काढताना ही रक्कम वजा करावी.

४. प्रमाणपत्र मागा आणि २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा, पाहा. विक्रेता दर तिमाहीला २७ईक्यू हे विवरण भरतो. मुदती १५ जुलै, १५ ऑक्टोबर, १५ जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीसाठी १५ मे. त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला फॉर्म २७डी हे टीसीएसचं प्रमाणपत्र मिळायला हवं. म्हणजे दिवाळीत गाडी घेतली तर जानेवारीअखेर आणि गुढीपाडव्याला मार्चमध्ये घेतली तर मेअखेर. तोपर्यंत २६एएस कोरा दिसला तर घाबरू नका, पण त्याआधी रिटर्नही भरू नका. पोर्टलवर ई-फाइलमधून फॉर्म २६एएस उघडा आणि टीसीएसच्या भागात विक्रेत्याचं नाव, टॅन, गाडीची किंमत आणि वीस हजारांचा आकडा आहे का ते पाहा.

मार्चमध्ये पैसे आणि एप्रिलमध्ये डिलिव्हरी असा प्रकार असेल तर रक्कम कोणत्या वर्षात दिसते ते बघा. टीसीएस पैसे घेतानाच गोळा होतो, म्हणून बुकिंगची रक्कम एका वर्षात आणि उरलेली पुढच्या वर्षात दिसू शकते.

५. रिटर्नमध्ये मागा. टीसीएसच्या तक्त्यात टॅन आणि रक्कम बहुधा आधीच भरून येते, तरी २६एएसशी ताडून पाहा. जुनी करपद्धत असो की नवी, हे क्रेडिट दोन्हींत मिळतं. तुमचा कर शून्य निघत असेल तर पूर्ण रक्कम बँकेत जमा होते, मात्र खातं पोर्टलवर आधी पडताळलेलं हवं. पगारदारांची मुदत ३१ जुलै.

अडचण आली तर. २६एएसमध्ये नोंदच नसेल तर बहुतेक वेळा विक्रेत्याने पॅनचं एखादं अक्षर चुकीचं टाकलेलं असतं किंवा विवरण भरलेलं नसतं. त्याच्या लेखा विभागाला बिलाची प्रत जोडून ईमेल करा आणि दुरुस्त २७ईक्यू भरायला सांगा. सेल्समनच्या शब्दावर थांबू नका, तो विवरण भरत नाही. नोंद नसताना रिटर्नमध्ये रक्कम मागितली तर ती वगळली जाते आणि उलट कराची मागणी येते.

धंद्यासाठी गाडी घेत असाल तर. चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या गाडीवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)ने रोखलेलं आहे. प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल आणि गाड्यांची पुनर्विक्री हे अपवाद. इतरांनी तो जीएसटी गाडीच्या किमतीत धरून १५ टक्के घसारा (गाडीच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वार्षिक वजावट) घ्यावा, भाड्याने चालवण्याच्या गाडीला ३० टक्के. गाडी घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी निम्माच. टुरिस्ट गाडीवाल्याने इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर त्याच जीएसटीवर घसारा लावता येत नाही.