मांडवीकाठची पायी फेरी
पणजीचा मांडवीकाठ, विशेषतः २००४ मध्ये इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, निमित्ताने सजवलेला कांपालचा पट्टा, चालत पाहायचा असेल, तर सकाळी आठच्या आत जुन्या सचिवालयापासून, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्यापासून, पश्चिमेकडे निघावे. तेव्हा ऊन पाठीवर असते, संध्याकाळी मात्र तेच डोळ्यांवर येते. राजवाड्याशेजारी संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक, गोमंतकीय धर्मगुरू आबे फारिया यांचा पुतळा आहे: मागे कोसळणाऱ्या स्त्रीवर त्यांनी दोन्ही हात रोखलेले आहेत. तेथे जरा थांबावे. पुढे कॅसिनोच्या जहाजांनी नदी थोडी अडवलीच आहे, म्हणून पलीकडच्या काठावरच्या बेतीची फेरीबोट अवश्य घ्यावी; पायी प्रवाशांना तिकीट पडत नाही आणि नदीच्या मध्यावरून पणजी मोकळी दिसते. पावसाळ्यात फरश्यांवर शेवाळ धरते, तेव्हा चपलांऐवजी बूट घालावेत.