परदेशी वॉकी-टॉकी विकायला ठेवण्याआधी

इव्हेंटवाले, सिक्युरिटी एजन्सी, बांधकामाच्या साइट, सगळ्यांना वॉकी-टॉकी हवे असतात, आणि चीनमधल्या शेन्झेनचा सप्लायर व्हॉट्सअ‍ॅपवर भाव टाकून मोकळा होतो. घासाघीस नंतर करा, आधी डेटाशीट, म्हणजे सेटच्या तांत्रिक माहितीचा कागद, मागवा आणि फ्रिक्वेन्सीची ओळ वाचा. विनापरवाना वॉकी-टॉकीसाठी आपल्याकडे 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढीच चिंचोळी पट्टी मोकळी केली आहे, तीही कमी शक्तीच्या सेटना. डेटाशीटवर 400 ते 470 दिसलं की सप्लायर हमखास म्हणतो, आम्ही 446 वर लावून देतो. पण प्रोग्रॅमिंगची केबल जोडून गिऱ्हाईक घरबसल्या दुसरे चॅनल भरू शकत असेल, तर असा सेट मी तरी मोकळ्या पट्टीतला धरणार नाही. अमेरिकेतून पाहुण्यांनी आणलेल्या जोड्यांचंही तेच. त्या 462 आणि 467 वर चालतात. तिकडे त्यांना परवाना लागत नाही, इथे ती पट्टी मोकळी नाही.

पट्टी जुळली म्हणजे काम झालं असं नाही. मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेसचं नियोजन पाहणाऱ्या) शाखेचं ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकाराची मंजुरी, हवं, अर्ज विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. खोक्यावरचे सीई (युरोप) आणि एफसीसी (अमेरिका) यांचे शिक्के इथे मंजुरी म्हणून चालत नाहीत. सप्लायरकडून मागायचा तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आरएफ (रेडिओ लहरींचा) चाचणी अहवाल. अहवाल, ईटीए, इनव्हॉइस आणि सेटमागचं स्टिकर या चारही ठिकाणी मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर सारखा आहे ना, हे आगाऊ रक्कम पाठवायच्या आधी स्वतः पडताळा, क्लिअरिंग एजंटवर सोडू नका. नंबरच्या शेवटी एखादं जादा 'ए' किंवा 'प्लस' निघालं तर माल कस्टममध्ये बसतो आणि डेमरेज, म्हणजे माल अडकून पडल्याचं भाडं, तुमच्या खिशातून जातं.

चार्जर आणि बॅटरी लोक विसरतात. दोन्हींना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी आहे, तिचा आर-नंबर, म्हणजे 'R' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, छापलेला हवा. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष. आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, असेलच, नसेल तर तो सगळ्यात आधी काढा.

ऑनलाइन विकणार असाल तर मजकूर जपून लिहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये ई-कॉमर्सवरच्या अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. फ्रिक्वेन्सी स्पष्ट लिहा, ईटीएचा तपशील द्या. परवाना लागणारा सेट 'लायसन्स फ्री' म्हणून खपवणं ही फसवी जाहिरात ठरते, आणि 'दहा किलोमीटर रेंज' हेही, माझ्या मते, छापू नये. दुकानातल्या बिलावर मात्र मॉडेल आणि सिरियल नंबर नक्की टाका.

टेलिकॉम कंपन्यांना नेटवर्कची उपकरणं विकायची असतील तर ही यादी पुरणार नाही. तिथे 15 जून 2021 पासून सरकारने 'विश्वसनीय स्रोत' ठरवलेल्यांकडूनच खरेदी होते, आणि तो लहान व्यापाऱ्याचा खेळ नाही.

त्याच खेपेत मोबाइल सिग्नलचे बूस्टर (सिग्नल वाढवणारे) किंवा जॅमर (सिग्नल बंद पाडणारे) टाकू का, असं सप्लायर विचारेल. नाही म्हणा. बूस्टर फक्त परवानाधारक मोबाइल कंपन्यांनी बसवायचे असतात, आणि जॅमर खासगी माणसाला विकताही येत नाही, वापरताही येत नाही.