बडोद्यावर प्रोजेक्ट करताय? साधनं अशी निवडा

‘तीन पुस्तकं, दोन वेबसाइट आणि एक मुलाखत’ हा कोटा शाळा-कॉलेजांत सर्रास वाटला जातो. त्याने संदर्भसूची भरते, उत्तर मिळत नाही. कोणाचं काम एका तक्त्यात भागतं, कोणाला दहा फायली उलगडाव्या लागतात.

प्रश्न नेमका करा. ‘सयाजीराव महाराजांचं शिक्षणकार्य’ हा विषय झाला. ‘१९०६ मध्ये बडोदा संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आल्यावर मुली खरंच लिहा-वाचायला शिकल्या का?’ हा प्रश्न. पुढे हाच धरून चालू.

तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: ही गोष्ट त्या काळी कोणी आणि कोणत्या कामासाठी टिपून ठेवली असेल? सक्ती कोणत्या वयाला होती, हे कायद्यात सापडेल. शाळा किती निघाल्या, दंड किती झाला, हे संस्थानाच्या वार्षिक प्रशासन अहवालात. मुली शिकल्या का, हे जनगणनेत. आईबापांना ते रुचलं का, हे वर्तमानपत्रांत, आठवणींत, घरच्या पत्रांत. अहवाल लिहिणारं खातं स्वतःचंच काम मांडत असतं, म्हणून तिथली पटसंख्या म्हणजे हजेरी समजू नका. शिवाय संस्थानाचं वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. ‘१९१०-११’ वाचून जानेवारी किंवा एप्रिलपासून मोजाल तर घोळ होईल.

आकडा हाताळणं. बहुतेक प्रोजेक्ट इथे आपटतात. मुलं १९०१ ची साक्षरता, १९११ ची आणि २०११ ची एकाच आलेखात लावतात, रेघ वर जाते, सगळे खूश. पण तिन्ही ठिकाणी ‘साक्षर’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. १९०१ मध्ये लिहिता-वाचता येतं का, एवढंच विचारलं होतं. १९११ मध्ये कसोटी कडक झाली: मित्राला पत्र लिहिता यावं आणि त्याचं उत्तर वाचता यावं. म्हणजे या दहा वर्षांतली खरी वाढ आकड्यात दिसते त्याहून जास्त असू शकते. आणि २०११ चा दर फक्त ७ वर्षं व त्यापुढच्या लोकांचा आहे, तर जुन्या अहवालांतला दर हजारी आकडा बहुधा तान्ह्या बाळांसकट सगळ्या लोकसंख्येवर काढलेला असतो. असा आलेख काढूच नका. काढायचाच असेल तर आकड्याखाली व्याख्या लिहा.

दुसरा खड्डा ‘बडोदा’ या नावाचा. शहर, प्रांत आणि संस्थान, तिघांनाही तेच नाव. १९११ मध्ये संस्थानात बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत होते. सक्तीचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीकडे झाला, तो तर काठेवाडात! बडोदा शहरातल्या मांडवीच्या आसपासच्या शाळांवर लिहिताना संस्थानाचा आकडा वापरला, तर नवसारीच्या आणि कडीच्या मुलीही तुमच्या गल्लीत येऊन बसतात. तक्त्याचं शीर्षक आणि खालची बारीक टीप वाचल्याशिवाय आकडा उतरवू नका.

तिसरी गोष्ट, एकूण आकड्यावर थांबू नका. त्यात कधीच शाळा न पाहिलेल्या आज्याही मोजलेल्या आहेत. सक्ती मुलींना ७ ते १० वयात होती. कायदा आल्यावर शाळेत बसलेल्या मुली १९११ मध्ये साधारण ११ ते १४ च्या झाल्या. म्हणून वयोगटाच्या रकान्यांत १० ते १५ चा स्त्रियांचा रकाना पाहा आणि तो १९०१ च्या त्याच रकान्याशी ताडा, कसोटी बदलल्याचं लक्षात ठेवून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका रकान्यात जितकं आहे, तितकं दहा चरित्रांत नाही. चरित्रं गौरवासाठी लिहिलेली असतात, ती तारखा आणि नावं धरायला ठीक.

ऑनलाइन शोध. इंग्रजीत शोधताना ‘वडोदरा’ टाकाल तर जुनं फारसं काही हाती लागणार नाही. ते नाव अधिकृत झालं १९७४ मध्ये. ‘बरोडा’ टाका. गायकवाडचं स्पेलिंगही दोन्ही तऱ्हांनी द्या, जुन्या कागदांत शेवटी ‘ड’ऐवजी ‘र’ असतो. स्कॅनमधून उचललेल्या मजकुरात ३ चा ८ होतो, म्हणून आकडा पानाच्या चित्रावरूनच घ्या. शोधगंगेवर (विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) प्रबंध मिळाला तर आधी त्याची संदर्भसूची वाचा, मग प्रबंध. विकिपीडिया फक्त तळटीपांपुरता.

मोडीतले कागद लागलेच तर वाचणारा आधी गाठा. दोन आठवड्यांत मोडी शिकून दफ्तर वाचण्याचा बेत करू नका. आजीची मुलाखत जरूर घ्या, पण ती तिच्या काळाची साक्ष. १९०६ बद्दल ती सांगेल ते ऐकीव, तसंच नोंदवा.

ग्रंथालयात मागणी. मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय असो की बडोद्याच्या विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय, काउंटरवर ‘सयाजीरावांवर काही आहे का?’ म्हणालात की चरित्रांचा ढीग पुढ्यात येईल. चिठ्ठीवर लिहून न्या: ‘जनगणना १९११, खंड १६, बडोदा, भाग २, तक्ते’. नाही म्हणाले, तर १९०१ चा मागा आणि १९११ चा कुठे मिळेल ते तिथेच विचारा.