मोठेपणी रोलर स्केटिंग शिकताना: पडण्यापासून वळण्यापर्यंत

मुलांना स्केटिंगच्या वर्गाला सोडायला आलेले पालक कठड्याबाहेरच्या बाकावर बसून तासभर मोबाइल चाळत असतात, आणि त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात ‘आपणही हे शिकलो असतो तर’ असा विचार कधी ना कधी येऊन जातो. मी त्या बाकावरून उठलो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. माझ्या मुलीला जे पंधरा दिवसांत जमले त्यासाठी मला दोन महिने लागले. मात्र त्या दोन महिन्यांत एवढे पक्के कळले की, नवशिका ज्याला ‘तोल जाणे’ म्हणतो ते बहुधा ताठ गुडघ्यांचे काम असते. त्यामुळे पुढे जवळजवळ प्रत्येक पायरीवर गुडघ्यांचा उल्लेख येईल, त्याला इलाज नाही.

स्केट्स आणि सुरक्षा साहित्य

दुकानात तीन प्रकार समोर येतात. पहिला प्रकार बुटांवर पट्ट्यांनी बांधायच्या, लहानमोठ्या करता येणाऱ्या चौचाकी स्केट्सचा. ते स्वस्त असतात आणि लहान मुलांना पहिल्या वर्षी पुरतात, पण मोठ्या माणसाच्या वजनाला त्यांत घोट्याचा आधार मिळत नाही, म्हणून प्रौढांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. दुसरा प्रकार क्वाड, म्हणजे बूट जोडलेला, दोन चाके पुढे आणि दोन मागे असा स्केट. त्याच्या पुढच्या टोकाला रबराचा टो स्टॉप असतो. तिसरा इनलाइन, ज्यात तीन किंवा चार चाके एका ओळीत असतात आणि बहुधा उजव्या टाचेमागे रबरी ब्रेक असतो. क्वाडवर नुसते उभे राहणे सोपे जाते, तर इनलाइनची मोठी चाके कोब्यातील भेगा आणि पेव्हर ब्लॉकच्या फटी अधिक सहज ओलांडतात. गुळगुळीत रिंक जवळ असेल तर क्वाड आणि सोसायटीचे आवार हेच मैदान असेल तर इनलाइन, असे माझे मत आहे. तरीही कोणत्याही एका प्रकारावर शिकलेले दुसऱ्यावर वाया जात नाही.

माप घेताना संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवताच ती किंचित मागे सरली पाहिजेत. टाच आत वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, मग तो कितीही आरामशीर वाटो. ‘पुढे वाढेल’ म्हणून एक माप मोठे घ्यायची आपली सवय येथे घातक ठरते.

चाकांवर ‘७८ ए’ किंवा ‘९५ ए’ असा आकडा छापलेला असतो, तो चाकाचा कठीणपणा दाखवतो. ऐंशीच्या आसपासचे मऊ चाक खडबडीत कोब्यावर हादरे शोषते, तर नव्वदीच्या वरचे कठीण चाक गुळगुळीत फरशीवर वेगाने धावते. चाकातील बेअरिंग किती काटेकोर मापाचे आहे हे सांगणारा ‘एबेक’चा आकडा विक्रेता मोठ्या उत्साहाने दाखवतो, नवशिक्याने त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. उरलेले पैसे हेल्मेट, नी पॅड, एल्बो पॅड आणि रिस्ट गार्ड यांवर खर्च करावेत. पडताना माणूस नकळत हात पुढे टेकतो आणि सगळे वजन मनगटावर येते, म्हणून एखादी वस्तू टाळायचीच असेल तर ती रिस्ट गार्ड नक्कीच नसावी. ते चढवावे मात्र सर्वांत शेवटी, कारण एकदा ते हातात घातले की बुटाची लेस बांधता येत नाही आणि कट्ट्यावरच्या आजोबांना विनवावे लागते.

लेस बोटांकडे सैल आणि घोट्याकडे घट्ट ठेवावी. तळपायाच्या कमानीत कळ येऊ लागली तर बहुधा मधली लेस फार आवळलेली असते किंवा भीतीने पायाची बोटे आतल्या आत घट्ट मुडपली जात असतात. ज्यांना चक्कर येण्याचा किंवा हाडे ठिसूळ झाल्याचा त्रास आहे, त्यांनी खरेदीपूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

जागा

सपाट, कोरडी आणि वाळू नसलेली जागा हवी, एवढीच अट आहे, पण ती पुरी होणे अवघड असते. बांधकामाची खडी, पडलेली सुकी पाने, सांडपाण्याच्या जाळ्या आणि गाड्यांखाली गळलेले तेल आधी चालत फिरून पाहून घ्यावे. पावसाळ्यात फरशीवर शेवाळाचा पातळ थर असतो, तो डोळ्यांना दिसण्याआधी चाकाला जाणवतो. त्यामुळे त्या चार महिन्यांत छताखालची जागा नसेल तर सुटी घेतलेली बरी. पार्किंगचा उतार पहिले सहा आठवडे वर्ज्य समजावा. मी तिसऱ्याच दिवशी त्यावरून खाली आलो आणि माकडहाड म्हणजे नेमके काय असते हे पुढचे तीन आठवडे प्रत्येक खुर्चीत बसताना मला कळत राहिले.

आधी पडणे, मग उभे राहणे

पहिला दिवस हिरवळीवर किंवा घरात जाड सतरंजीच्या दुहेरी घडीवर काढावा, जेथे चाके फिरत नाहीत. स्केट्स घालण्यापूर्वी नुसते पॅड चढवून गुडघ्यांवर पडण्याचा सराव करावा: गुडघे वाकवून बूड खाली आणावे, मग एक गुडघा, दुसरा गुडघा, कोपरे आणि सर्वांत शेवटी तळहात टेकावेत, बोटे वर उचललेली ठेवावीत. पॅडवरील कठीण प्लास्टिकची वाटी घासत पुढे सरकण्यासाठीच असते. ती घासू दिली की धक्का वाटला जातो. हे दहा-बारा वेळा केल्यावर जमिनीची भीती निम्मी उरते.

मागे पडणे मात्र टाळायचेच आहे, आणि ते का घडते हे समजून घ्यावे. घाबरलेला माणूस ताठ होतो, ताठ झाला की त्याचे वजन टाचांवर जाते, टाचांखालची चाके पुढे निसटतात आणि अंग मागे राहते. म्हणून तोल ढळतोय असे वाटताच दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवावेत. एवढ्यानेच कंबर आपोआप वाकते, वजन पुढे येते आणि दहापैकी कित्येकदा पडणे टळूनही जाते.

उठताना दोन्ही गुडघ्यांवर यावे, एक स्केट उचलून दुसऱ्या गुडघ्याशेजारी टेकवावा, दोन्ही हात त्या वाकलेल्या गुडघ्यावर ठेवून जोर द्यावा आणि उठता उठता टाचा जवळ, चवडे बाहेर अशी पावले ठेवावीत. चाक फक्त आपल्या लांबीच्या दिशेने फिरते, आडवे फिरत नाही. त्यामुळे दोन पायांची तोंडे दोन दिशांना असली की दोन्ही स्केट्स एकदम पळू शकत नाहीत.

उभे राहिल्यावरची ठेवण अशी असावी: पावलांत खांद्यापेक्षा थोडे कमी अंतर, गुडघे इतके वाकलेले की वरून पाहिल्यास बुटाची टोके गुडघ्यांआड जावीत, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली, छाती किंचित पुढे, हात कमरेच्या उंचीवर समोर आणि नजर दहा-बारा पावलांवर. खुर्चीत बसायला जाता जाता कोणी हाक मारली म्हणून मध्येच थांबावे, तसे शरीर दिसले पाहिजे. मांड्या भरून येतात. येत नसतील तर गुडघे पुरेसे वाकलेले नाहीत. या अवस्थेत एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्यावर दहा सेकंद उभे राहता आले की कोब्यावर उतरावे.

चालणे आणि सरकणे

जमिनीवर चालताना आपण पाय मागे रेटतो आणि शरीर पुढे जाते. चाकांवर हीच सवय दगा देते, कारण मागे रेटलेले चाक मागेच पळते. स्केटिंगमधला रेटा बाजूला असतो. हे एक वाक्य मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर माझा महिना वाचला असता.

टाचा जवळ आणि चवडे बाहेर ठेवून बदकासारखी छोटी छोटी पावले टाकावीत. पाऊल उचलायचे ते जेमतेम दोन बोटे, आणि टाकायचे ते शरीराच्या अगदी खाली. आठ-दहा पावलांनी थोडा वेग आपसूक येतो. मग दोन्ही पाय समांतर करून काही न करता सरकत राहावे. हे ‘काही न करणे’च अवघड असते, कारण हात आपोआप पवनचक्कीसारखे फिरू लागतात. ते समोर धरून ठेवावेत. दोन-तीन दिवसांनी हा सरकण्याचा टप्पा लांबवावा आणि नंतर एका पायाने बाहेरच्या बाजूला, चाकांच्या कडेने, लांब रेटा देऊन दुसऱ्या पायावर सरकावे. मग रेटलेला पाय जवळ आणून पाळी बदलावी. ज्या पायावर सरकत आहोत त्याच्या बरोबर वर नाक, गुडघा आणि पायाची बोटे एका रेषेत आली पाहिजेत. बहुतेकांचे नाक दोन पायांच्या मध्येच लटकत राहते आणि म्हणून उचललेला पाय लगेच धपकन खाली येतो. कान देऊन ऐकावे: सलग सर्र असा आवाज येत असेल तर वजन नीट पडले आहे, आणि तुटक खडखड येत असेल तर आपण अजून चालतोच आहोत.

याच सुमारास एक सोपा खेळ करावा. टाचा जवळ, चवडे बाहेर ठेवून दोन्ही पाय एकदम फाकू द्यावेत, खांद्यापेक्षा थोडे जास्त अंतर झाले की चवडे आत वळवून पाय पुन्हा जवळ आणावेत. जमिनीवर लिंबांची माळ काढल्यासारखी वाट उमटते आणि एकही पाय न उचलता पुढे जाता येते. फाकताना गुडघे वाकवायचे, जवळ आणताना किंचित सरळ करायचे. मांडीच्या आतल्या बाजूचे जे स्नायू यात कामाला लागतात तेच थांबण्यासाठी हवे असतात.

थांबणे

सरकण्याचा आनंद लागला की थांबण्याचा सराव कंटाळवाणा वाटतो आणि सगळे घोटाळे तेथूनच सुरू होतात. चालण्याच्या वेगापेक्षा जास्त वेग घेण्याआधी थांबण्याची एक तरी पद्धत हातची असली पाहिजे.

दोन्ही प्रकारच्या स्केट्सवर चालणारी पद्धत नांगरासारखी असते. पाय रुंद फाकवावेत, चवडे थोडे आत वळवावेत, बूड खाली आणावे आणि टाचांनी जमीन बाहेर ढकलल्यासारखा दाब द्यावा. चवडे फार आत वळवले तर स्केट्स एकमेकांवर आदळतात. इनलाइनच्या टाचेवरील ब्रेक वापरताना ब्रेकचा पाय कात्रीसारखा पुढे सरकवावा, मागच्या पायाचा गुडघा वाकवावा आणि पुढच्या पायाची बोटे वर उचलावीत. वजन मागच्या पायावर असते आणि दाब हळूहळू वाढवायचा असतो. क्वाडचा टो स्टॉप पुढच्या पायाने जमिनीत रोवला तर वरचे शरीर थेट पुढे फेकले जाते. एक पाय मागे नेऊन त्याचा टो स्टॉप हलका फरफटत न्यावा, हीच त्याची रीत आहे. फरशीवर खडूने रेघ मारून तिच्या अलीकडे थांबण्याचा सराव करावा आणि दर दिवशी रेघ एक हात जवळ आणावी.

वळणे

ज्या दिशेला वळायचे तिकडे आधी डोळे, मग खांदे, मग कंबर न्यावी. पाय मागाहून येतात. क्वाडमध्ये याला यंत्राचीही साथ असते. १८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टनने स्केटच्या आसांना रबराची गादी जोडून पेटंट घेतले, आणि पाऊल ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला चाके वळू लागली. आजच्या क्वाडखालीही आसाजवळ तशाच रबरी गाद्या आणि त्या आवळणारा नट दिसतो. सुरुवातीला तो घट्ट असलेला बरा, कारण स्थिरता मिळते. झुकूनही स्केट वळत नाही असे वाटू लागले की पाव आटा सैल करून पाहावा, दोन्ही पायांना सारखाच. इनलाइनला वळताना आतल्या बाजूचा पाय अर्धे पाऊल पुढे ठेवावा आणि दोन्ही गुडघे त्या बाजूला झुकवावेत. आपल्याला उजवीकडचे वळण जमते की डावीकडचे हे पहिल्या दिवशीच कळते. न जमणाऱ्या बाजूला दुप्पट सराव करावा.

आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास पुरतो. तास-दोन तास ओढत नेले की शेवटच्या पंधरा मिनिटांत दमलेले गुडघे ताठ होतात आणि नेमके तेव्हाच पडायला होते.

घरी आल्यावर बुटाची जीभ बाहेर ओढून ते पंख्याखाली वाळवावेत. प्रत्येक पायाला चार चाके असतील तर दोन्ही पायांची मिळून आठ चाके आणि प्रत्येकात दोन, अशी सोळा बेअरिंग असतात. ओल्या जागेवरून आलात तर चाके काढून बेअरिंग कोरड्या फडक्याने पुसावीत आणि प्रत्येकात हलक्या तेलाचा एकच थेंब सोडावा, नाहीतर पावसाळ्यात ती गंजून करकरू लागतात. नट आवळताना चाक बोटाने फिरवून पाहावे, ते मोकळे फिरले पाहिजे आणि हातात धरल्यावर अगदी किंचित डुगडुगले पाहिजे. रेटा आतल्या कडेने दिला जात असल्याने चाके त्याच बाजूला आधी झिजतात. महिन्या-दीड महिन्याने डाव्या पायाची चाके उजव्याला लावून झिजलेली कड बाहेर आणावी.