घरी प्लायवूडची कयाक बांधताय? या चुका टाळा

तारेने शिवलेली, रेझिनचा थेंबही न लागलेली कयाक नुसती खडखडत असते. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने फुगते, उचलली की पिळवटते. तिच्याकडे बघून प्रत्येकाला एकच घाई होते: आता चिकटवून टाकू, म्हणजे ही जरा अंग धरेल. पहिल्या वेळी मीही तेच केलं. ती कयाक आजही आहे, गळत नाही, दिसायलाही बरी आहे. फक्त सरळ जात नाही. दहा-बारा वल्ही मारली की डावीकडे ओढते आणि मला डावं वल्हं मारून मारून तिला ताळ्यावर आणावं लागतं.

म्हणून या लेखातल्या चुकांची मी मनाशी दोन भागांत वाटणी केली आहे. काही चुका पक्कडीने निस्तरता येतात, काहींना सँडर, म्हणजे घासायचं यंत्र, लागतो. रेझिन लागेपर्यंतची जवळजवळ प्रत्येक चूक पहिल्या प्रकारची असते. रेझिन सुकलं की तीच चूक दुसऱ्या प्रकारात जाते.

पद्धत थोडक्यात अशी. पातळ प्लायच्या लांब पट्ट्या नकाशाबरहुकूम कापायच्या, कडेने बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, मग आतल्या सांध्यांत घट्ट केलेलं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा चिकट पदार्थ) लांबीसारखं, म्हणजे पुट्टीसारखं, भरून वर काचेच्या कापडाची (फायबरग्लासची) पट्टी बसवायची. साचा लागत नाही. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या ‘मिरर’ नावाच्या छोट्या शिडाच्या होडीने ही पद्धत घरोघरी नेली. जॅक होल्ट आणि बॅरी बक्नेल यांनी ती सामान्य माणसाला घरच्या घरी बांधता यावी म्हणूनच आखली होती. पद्धत सोपी आहे हे खरंच. पण साचा नाही, याचा अर्थ आकार सांभाळायची सगळी जबाबदारी बांधणाऱ्यावर येते.

कापण्याआधी

खोली मोजा. पाच मीटरची कयाक साडेपाच मीटरच्या खोलीत बांधता येते, पण दारातून वळवून बाहेर काढता येईलच असं नाही. हसू नका, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो. तेवढ्याच लांबीची एक पट्टी किंवा बांबू आत-बाहेर करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

नकाशा छापून घेतला असेल तर त्यावरची मोजपट्टी खऱ्या मोजपट्टीने तपासा. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो. नकाशात इंच आणि मिलिमीटर दोन्ही दिले असतील तर एकच निवडा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा.

बिंदू मांडून झाले की ते सरळ रेघांनी जोडू नका. लवचिक, गाठी नसलेली लाकडी पट्टी बिंदूंवरून वाकवा, खिळ्यांनी अडकवा आणि डोळा पट्टीच्या टोकाशी नेऊन लांबून बघा. एखादा बिंदू वळणात बसत नसेल, दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर असेल, तर अशा वेळी आकड्यापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवा. तो आकडा बहुधा मोजताना किंवा लिहिताना चुकलेला असतो. डाव्या-उजव्या पट्ट्या एकावर एक ठेवून, क्लॅम्प लावून एकदमच कापा आणि एकदमच रंधा मारा. वेगवेगळ्या कापलेल्या जोड्या कधीच तंतोतंत सारख्या होत नाहीत.

प्लाय निवडताना

सागरी प्लायसाठी बीएस १०८८ हे ब्रिटिश मानक जगभर वापरलं जातं; आकडा नीट वाचून घ्या, कारण शिक्का बघितल्यासारखा करून पुढे जाणारे बरेच असतात. कयाकसाठी ओकुमे लाकडाचा ४ मिमी प्लाय सर्वांत सोयीचा. २४४० बाय १२२० मिमीची एक शीट साधारण साडेपाच किलो भरते. शिक्क्यावर भागत नाही, शीटची कड बघा. मधला थर जाड आणि वरचे दोन थर कागदासारखे असतील तर पॉलिश पेपर मारताना वरचा थर निघून खालचं लाकूड दिसायला लागतं. कडेला पोकळी दिसली तर आतही असणार. अशी शीट वाकवताना गोलाई धरत नाही, पोकळीपाशी कोन धरते आणि मग तिथेच मोडते. शंका असेल तर हातभर तुकडा तासभर पाण्यात उकळा, सुकवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर उरलेल्या शीटचं कपाट करा.

शीट अडीच मीटरच्या आतली आणि कयाक त्याच्या दुप्पट, म्हणजे सांधा आलाच. दोन्ही कडा उतरत्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या असतील तर उतार जाडीच्या आठपट ठेवा. ४ मिमी प्लायला ३२ मिमी. शीटा पायऱ्यांसारख्या मागे-पुढे रचून सगळ्यांना एकदम रंधा मारला की थरांच्या रेघा दिसू लागतात. त्या रेघा समांतर असल्या की उतार बरोबर. इथली खरी चूक मात्र तासण्यात नाही, चिकटवण्यात होते. सांध्यात एक अंशाचा फरक पडला तर अडीच मीटरवरचं टोक चार सेंटिमीटरहून जास्त सरकतं. त्यामुळे दोन्ही शीटांवरून एकच दोरी ताणा आणि ती बघूनच वजन ठेवा.

पीळ: ज्यासाठी हा लेख लिहिला

माझ्या डावीकडे ओढणाऱ्या कयाकच्या अंगात पीळ आहे. पुढचा भाग मागच्या भागाच्या तुलनेत किंचित फिरलेला, अगदी ओला कपडा पिळावा तसा. जमिनीवर ठेवल्यावर तो डोळ्याला दिसत नाही. पाण्याला बरोबर दिसतो.

पीळ येतो कुठून? पहिलं कारण, तारा एका बाजूने टोकापासून टोकापर्यंत आवळत नेणं. आधी सगळ्या तारा सैल बसवा, हाताच्या बोटांनी घातलेल्या एक-दोन वळशांइतक्याच. मग मधल्या भागापासून सुरुवात करून डावी-उजवी, डावी-उजवी अशी पाळीपाळीने आवळा. दुसरं कारण, कयाक ज्या लाकडी घोड्यांवर (सुताराच्या तिवयांवर) ठेवली आहे तेच समपातळीत नसणं. पाणसळ लावून दोन्ही घोडे आधी सरळ करा, नाहीतर कयाक घोड्यांचा आकार घेते. तिसरं कारण सगळ्यात साधं: काल तपासलं होतं, पण आज कोणीतरी ती सरकवली.

तपासायची रीत सुतारांची, जुनी. दोन सरळ, एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या घ्या. एक पुढे आणि एक मागे, कयाकच्या दोन्ही काठांवर आडव्या ठेवा. मागे उभं राहून, एक डोळा मिटून, मागच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून पुढच्या पट्टीकडे बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एका बाजूला फट रुंद दिसली की पीळ आहे. असं तीन-चार जागी करा. शिवाय टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणा आणि प्रत्येक आडव्या फळीचा मध्य त्या दोऱ्याखाली येतो का ते ओळंब्याने बघा.

पीळ निघाला तर घाबरायचं कारण नाही, अजून आपण पक्कडीच्या काळात आहोत. जास्त ताणलेल्या बाजूच्या काही तारा सैल करा, समोरच्या बाजूच्या आवळा. तेवढ्याने भागलं नाही तर उंच वाटणाऱ्या कोपऱ्यावर वजन ठेवा किंवा पुढच्या एका काठापासून मागच्या विरुद्ध काठापर्यंत दोरी तिरकी ताणून बांधा. पुन्हा तपासा. लांबी भरायच्या दिवशी सकाळी पुन्हा. आणि डेक, म्हणजे कयाकचा वरचा झाकणासारखा भाग, बसवताना आणखी एकदा, कारण खालचा भाग सरळ असला तरी डेक चिकटवताना आलेला पीळ डेकबरोबर कायमचा बंद होतो.

तारेबद्दल दोन गोष्टी. भोकं कडेपासून ८ ते १० मिमी आत पाडा. त्याहून जवळ पाडली तर आवळताना कड फाटते. आणि पक्कडीने पिळताना तार आपल्याकडे ओढत ओढत पिळा. नुसती पिळत गेलं की तार तुटते आणि सांधा मात्र सैलच राहतो. तळाच्या मधल्या सांध्याकडे लांबून बघायला विसरू नका. तिथे वर उचललेला कुबड दिसला तर मधल्या तारा सैल करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर बसतो.

इपॉक्सी का सुकलं नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: प्रमाण चुकलं किंवा नीट ढवळलं नाही. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते आकारमानाचं की वजनाचं हे वाचायचं राहून जातं. दोन्हींची घनता वेगळी असते, म्हणून आकारमानाने २:१ असलेलं मिश्रण वजनकाट्यावर २:१ घेतलं तर चुकतंच. पंप वापरत असाल तर त्यात हवा अडकली नाही ना ते बघा.

‘लवकर सुकावं’ म्हणून हार्डनर थोडा जास्त घालणं ही तर हमखास फसणारी युक्ती. हा फेविकॉल नाही की पॉलिएस्टर रेझिनही नाही. इथे हार्डनरचा प्रत्येक रेणू रेझिनशी जोडी लावतो. जास्तीचा हार्डनर तसाच मोकळा राहतो आणि थर मऊ पडतो. लवकर सुकायला हवं असेल तर जलद हार्डनर घ्या किंवा जागा उबदार करा.

ढवळताना दोन मिनिटं भांड्याची भिंत आणि तळ खरवडत राहा. चिकट डाग राहिलेच तर वर नवा थर देऊन ते झाकायला जाऊ नका, खालचं कधीच सुकणार नाही. पत्र्याने ओलं-चिकट रेझिन खरवडून काढा, अल्कोहोलने पुसा आणि योग्य प्रमाणाचं मिश्रण लावा.

एका वेळी थोडंच कालवा. मिश्रण सुकताना उष्णता सोडतं. खोल भांड्यात ती अडकते आणि मग ते धूर सोडत, भांडं वितळवत काही मिनिटांत दगड होतं. पसरट ताटलीत ओतलं तर बराच वेळ पुरतं.

सांध्यात भरायच्या लांबीसाठी लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका चांगली. पोकळ गोळ्यांची हलकी पूड घासायला सोपी असते, म्हणून लोक तीच सांध्यात भरतात. ती वरचे खड्डे बुजवायला आहे, तिच्यात सांधा पेलायचं बळ नाही. आणि लांबी भरण्याआधी कोरड्या लाकडाला नुसतं पातळ रेझिन पाजा. न पाजलेला प्लाय लांबीतलंच रेझिन शोषून घेतो, सांधा वरून भरीव दिसतो आणि आतून उपाशी राहतो.

सुकलेल्या थरावर कधी कधी मेणासारखा बुळबुळीत पडदा येतो, विशेषतः दमट हवेत. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. उलटं केलं तर तो पडदा लाकडात घासला जातो आणि पुढचा थर सोलून निघतो.

कापड आणि बुडबुडे

उघड्या लाकडावर सकाळी रेझिन लावलं आणि दिवस तापला की लाकडातली हवा फुगून बाहेर येते, कापडाखाली बुडबुडे होतात. दुपार ओसरल्यावर, तापमान उतरत असताना लावा, मग लाकूड हवा आत घेतं. कापड पांढरट दिसतंय म्हणजे रेझिन कमी. चकचकीत आणि तरंगतंय म्हणजे जास्त, ते स्क्वीजीने (रबरी पट्टीने) ओढून काढा. जास्तीच्या रेझिनने ताकद वाढत नाही, वजन तेवढं वाढतं. सुकल्यावर एखादा बुडबुडा सापडला तर तो घासून उघडा आणि वर छोटं ठिगळ लावा. मात्र घासताना कापडाची वीण दिसायला लागली की हात थांबवा.

तार लांबीत अडकून निघत नसेल तर ओढाताण करू नका. सोल्डरिंगची कावी तारेला अर्धा मिनिट टेकवा, भोवतालचं इपॉक्सी मऊ होतं आणि तार सरळ बाहेर येते.

हातमोजे नायट्रिलचे घाला, पहिल्या दिवसापासून. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू साचते आणि एकदा झाली की सहसा जात नाही. अर्धवट सुकलेल्या इपॉक्सीची धूळ तर सुकलेल्यापेक्षाही वाईट, म्हणून मास्कशिवाय सँडर नको.

शेवटची कामं

इपॉक्सी उन्हाने खराब होतं. पिवळं पडतं, मग भुरभुरतं. वर अतिनील किरण अडवणारं व्हार्निश किंवा रंग हवाच. गडद रंग टाळा, उन्हात तापून खोलीच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी मऊ पडू शकतं.

पुढचा-मागचा कप्पा हवाबंद केला असेल तर आडव्या पडद्यात (कप्पा वेगळा करणाऱ्या फळीत) दीड-दोन मिमीचं भोक ठेवा. नाहीतर तापलेली हवा फुगून सांधाच उघडते. आसन शक्य तितकं खाली बसवा. आरामासाठी चार सेंटिमीटर उंच केलेली गादी कयाकला डगमगवते आणि दोष आराखड्याला दिला जातो.

गळती शोधायला कयाक पाण्यात न्यायची गरज नाही. घोड्यांवर ठेवून आत एका कप्प्यात थोडं पाणी ओता, बाहेरून सांधे कोरडे पुसा आणि ओल कुठे दिसते तिथे खडूने खूण करा. पाणी जास्त भरू नका, त्याचं वजन कयाकला बाहेरून आधार नसताना झेपत नाही.

पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून, कमरेएवढ्या शांत पाण्यात तिला मुद्दाम उलटवा. कॉकपिट, म्हणजे बसायची जागा, पाण्याने पूर्ण भरल्यावर दोन्ही टोकं वर राहतात का, एक टोक बुडतं का, आणि ती रिकामी करायला तुम्हाला किती वेळ लागतो, हे बघून घ्या. एक टोक खाली गेलं तर तिकडच्या पडद्याचा सांधा गळतोय. कयाक घरी आणून तो कोरडा करा, घासा आणि पुन्हा भरा.